मांस-मासळीच्या काउंटरवर तीन आठवडे झाले. हात कधी बसतो?

नवखा_हात

नमस्कार मंडळी. पाचेक वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सुपरमार्केटमध्ये चार वर्षं बिलिंगवर होतो. मांस-मासळीच्या काउंटरवर माणूस कमी पडला तेव्हा मीच जाऊन बदली मागितली. दिवसभर उभं राहायचंय, गारठा आहे, वास आहे, सगळं ठाऊक होतं. तरी वाटलं, हातात काहीतरी कसब येईल.

सध्या हातात आलंय ते असं: सकाळी उठल्यावर उजव्या हाताची मधली दोन बोटं सरळ होत नाहीत. कोमट पाण्यात धरून ठेवली की खटकन उघडतात. सुरी सकाळी कागद चिरते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मांसावर नुसती घसरायला लागते. माशांचं तर विचारूच नका. काल एका मोठ्या माशाचे दोन फिले, म्हणजे काट्यावरून सोडवलेल्या गराचे दोन अखंड तुकडे, काढले. आमच्या वरिष्ठांनी उरलेला काटा उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हा विकायला लाव, फिले टाकून दे." समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली.

हे वरिष्ठ साठीकडे झुकलेले. हात असा चालतो की बघत राहावं. पण शिकवायचं म्हटलं की एकच शब्द, "ऐक." परवा मी सुरी खाली ठेवून त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिलो, म्हटलं आता सांगतील. ते कोल्ड रूममध्ये निघून गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले, मला तसाच उभा बघितलं, आणि मान हलवून पुन्हा आत.

तर बोटांचं काय करू, सुरीचं काय चुकतंय, आणि ऐकायचं नक्की काय? या कामातलं कोणी आहे का इथे?

---

जुना_सत्तूर

आहे की. सव्वीस वर्षं मांस कापतोय. आधी लहान दुकानात, मग सुपरमार्केटात.

आधी सुरी. तुमची सुरी अर्ध्या दिवसात बोथट होत नाही, तिची धार आडवी पडते. धारेची कड इतकी पातळ असते की हाडाला, फळीला चार वेळा लागली की एका बाजूला लवते. ती उभी करायला स्टीलची सळई असते. पुष्कळ लोकांना वाटतं सळईने धार लागते. धार दगडावर लागते, सळई फक्त वाकलेली कड सरळ करते. तेव्हा सळईला हात संध्याकाळी लावून उपयोग नाही. काम सुरू करताना एकदा, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही बाजूंनी दोन-तीन हलके हात. कोन पंधरा ते वीस अंश. खणखणाट करत हवेत फिरवायची नाही, ते बघणाऱ्यांसाठी असतं. सळईचं टोक फळीवर टेकवा आणि सुरी वरून खाली सावकाश ओढा. आणि चार-पाच दिवसांत सळईने भागेनासं झालं की दगड.

फळीवरचं उरलंसुरलं सुरीच्या धारेने खरवडून बाजूला सारता का? बहुतेक सारत असणार, सगळे नवखे सारतात. सुरी उलटी करून पाठीने सारा. निम्मी धार तिथेच वाचेल.

आता कापण्याचं. तुम्ही जोर लावताय हे बोटांवरून कळलंच. जोर लागला की समजायचं एक तर सुरी गेली किंवा जागा चुकली. मांसात स्नायूस्नायूंच्या मधे पांढरट पातळ पडदा असतो. त्या रेषेत सुरीचं टोक घातलं आणि दुसऱ्या हाताने स्नायू ओढला तर तो आपणहून सुटत येतो, सुरीने फक्त वाट दाखवायची. सांध्यातही तेच. हाड तोडत बसू नका. अंगठ्याने चाचपा, सांधा हलवून बघा, खाच सापडली की टोक आत. हाडं काढायची पंधरा सेंटीमीटरची सुरी असेल तर निम्मं काम तिच्या पुढच्या चार सेंटीमीटरवर होतं.

स्नायूवर चंदेरी चकाकणारा चिवट पापुद्रा असतो, तो गिऱ्हाइकाला देऊ नये. साधा पडदा शिजून मऊ होतो, हा होत नाही. पापुद्र्याखाली टोक घाला, धार किंचित वर पापुद्र्याकडे वळवा, आणि मग सारा. धार खाली वळली की मांस गेलं. मांस फार वाया जातं ते इथेच.

बँडसॉ, म्हणजे हाडं कापायची विजेची करवत, चालवता का? त्याबद्दल वेगळं लिहितो.

---

लिंबूटिंबू

वरिष्ठ 'ऐक' म्हणून कोल्ड रूममध्ये जातात, यावर मी पाच मिनिटं हसतोय. माफ करा. वाचतोय.

---

मनगट

हातांवर उपचार करणं हे माझं काम, त्यामुळे बोटांपुरतं लिहिते.

सकाळी बोट वाकलेलं राहतं आणि मग खटकन उघडतं, हे ट्रिगर फिंगरसारखं वाटतंय. बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, ज्या नळीतून जाते तिथे सूज येऊन अडकते. तळहातावर, बोटाच्या मुळाशी दाबून बघा, दुखणारी गुठळी लागते का. याउलट रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर ती मनगटातली नस, म्हणजे कार्पल टनेल. मांस आणि मासे कापणाऱ्यांत दोन्ही नेहमीची. इथे वाचून निदान करू नका, एकदा दाखवून घ्या. लवकर दाखवलं तर बहुतेक वेळा बोट सरळ धरणारी पट्टी आणि थोडी विश्रांती यावर भागतं.

थंडीचा भाग लोक विसरतात. बोटं गार पडली की स्पर्श कमी कळतो. स्पर्श कमी कळला की मेंदू मूठ आणखी घट्ट आवळायला लावतो. वर जाड हातमोजा आणि ओली मूठ असेल तर आणखीच. म्हणजे तुम्ही दिवसभर गरजेच्या दुप्पट ताकदीने सुरी धरून आहात आणि तुम्हाला पत्ताही नाही. आतून पातळ उबदार मोजा, वरून कामाचा. मूठ घसरत असेल तर सुरीच बदलून मागा. आणि एकच हालचाल दोन-दोन तास नको. अर्धा तास कापलं की मधे वजनं, पॅकिंग, बर्फ, असं काही.

जुना_सत्तूर यांनी सांगितलेली सळई हा हातावरचाच उपचार आहे, खरं तर.

---

शंकासुर

मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो, कडू लागेल. या काउंटरवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. खिम्याचा पॅक घरी नेऊन फोडला, वरून लालभडक आणि आतून तपकिरी. म्हणजे जुना माल आत, ताजा वर. पॅकच्या तळाला रक्त साचलेलं, तेही वजनात विकतात. नवखा_हात, तुम्ही शिकताय ते कसब की हातचलाखी?

---

जुना_सत्तूर

घ्या, आले.

---

पेट्रीडिश

शंकासुर, अन्नातले जंतू तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून उत्तर देतो. थोडं लांबेल.

मांसाचा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. हवा न लागलेलं मांस जांभळट असतं. नुकतं कापलेल्या तुकड्याचा आतला भाग किंवा व्हॅक्यूम पॅक बघा. हवा लागली की साधारण अर्ध्या तासात ते लाल होतं. ऑक्सिजन अगदीच थोडा पोचत राहिला किंवा वेळ गेला की तपकिरी होतं. पॅकमधल्या खिम्याला वरून हवा मिळते आणि आत फारशी मिळत नाही, म्हणून वर लाल, आत तपकिरी. एकाच वेळी एकाच मशीनमधून निघालेला खिमा असा दिसतो. तळाचं लाल पाणीही रक्त नव्हे. रक्त कत्तलखान्यातच निघून जातं. कच्च्या स्नायूत सुमारे ७५ टक्के पाणी असतं, ते कापल्यावर झिरपतं आणि मायोग्लोबिन सोबत घेऊन येतं. तेच ते.

पण तुम्ही सगळंच चुकीचं बोलताय असं नाही. रंग टिकवायच्या युक्त्या असतात. कार्बन मोनॉक्साइड वायू मायोग्लोबिनला घट्ट बिलगतो आणि मांस किंवा ट्यूना दिवसेंदिवस लाल ठेवतो, आतून खराब झालं तरी. युरोपीय संघात हे चालत नाही, अमेरिकेत चालतं. म्हणून रंगावर जाऊ नका, ना लालवर ना तपकिरीवर. तारीख, वास, चिकटपणा बघा.

खिम्याची खरी भीती वेगळी. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात, तव्यावर शेकल्यावर मरतात. खिमा केला की तोच पृष्ठभाग सगळीकडे मिसळला. म्हणून खिमा आतपर्यंत शिजायला हवा, अमेरिकेतले अन्ननियम मधोमध ७१ अंश सेल्सिअस सांगतात. खिमा मशीन दिवसातून एकदा धुणारं दुकान दिसलं तर त्याबद्दल शंका घ्या, तिथे मी तुमच्या बाजूने.

---

शंकासुर

पाणी वजनात विकतात हे तर तुम्हीही नाकारलं नाहीत.

---

कल्लेवाली

उशिरा आले, दिवसभर बर्फ उपसत होते. चौदा वर्षं मासे. नवखा, तुमच्या काट्याचं ऐकून माझे पहिले दिवस आठवले, माझा काटाही असाच भरगच्च असायचा.

ऐकायचं काय ते सांगते. तुमच्या त्या काकांना शब्द सापडत नसणार, हाताला माहीत असलेलं सांगता येत नाही बऱ्याच जणांना.

मासा आडवा ठेवा. कल्ल्यामागच्या पराच्या मागे सुरी टेकवा आणि थोडी डोक्याकडे कलती करून मधल्या काट्यापर्यंत जाऊ द्या. सरळ खाली कापलंत तर मानेतला जाड गर डोक्याबरोबर गेला. मग पाठीच्या परालगत, डोक्याकडून शेपटीकडे, एक लांब हलकी चीर. खोल जायची घाई नको. दुसऱ्या फेरीत सुरी आडवी, काट्यावर टेकलेली, आणि पातं किंचित खाली दाबून लवू द्या. म्हणून माशाला लवचीक सुरी लागते, तुमची हाडं काढायची ताठ सुरी इथे चालणार नाही. (पहिला संशय मला हाच आहे. कोणती सुरी वापरताय?) आता पातं काट्यावरून सरकताना बारीक कर्रर्र असा आवाज येतो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. तो आवाज येतोय तोवर तुम्ही काट्यावर आहात आणि सगळा गर फिल्यात चाललाय. आवाज थांबला की सुरी गरात चढली. तिथेच थांबायचं, पातं पुन्हा खाली टेकवायचं, आवाज आला की पुढे.

आमच्याकडे कंप्रेसरच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. पण कानाला नाही तरी मुठीला कळतो, बोटांत बारीक थरथर येते. मूठ आवळून धरली असेल तर तीही कळत नाही. मनगटताईंनी सांगितलं ते इथे लागू.

फिल्यात राहिलेले बारीक काटे चिमट्याने काढताना त्यांचा कल बघा, ते डोक्याच्या बाजूला झुकलेले असतात. त्याच दिशेने ओढायचे. उलटे ओढले की फिला फाटतो.

बर्फाबद्दल एक. माझ्या हाताखाली आलेला प्रत्येक जण वितळलेला बर्फ बघून घाबरतो. वितळायलाच हवा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, ती माशातूनच जाते. कोरडा टणक बर्फ माशाला टोचतो आणि दोन कणांमधल्या हवेमुळे थंडीही नीट पोचत नाही. फक्त पाणी वाहून जायला हवं, ट्रेला उतार आणि खाली भोक. अख्खा मासा थेट बर्फात. फिले मात्र बर्फावर उघडे ठेवू नका, पाण्याने चव धुऊन जाते, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला.

आणि बांगडा, तारली, ट्यूना यांच्याबाबतीत कंजूषपणा करू नका. हे मासे उबेला राहिले की त्यांच्यातल्या हिस्टिडीनचं जंतू हिस्टामीन करतात. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, लोकांना वाटतं ॲलर्जी. एकदा तयार झालेलं हिस्टामीन शिजवून जात नाही, गोठवूनही नाही. वास येईलच असंही नाही. असा मासा टेबलावर विसरला गेला तर पुन्हा बर्फात घालून गप्प बसायचं नसतं.

---

नवखा_हात

ताई, एकच सुरी दिलीय. ताठ. मासे आणि मांस दोन्हीला.

---

कल्लेवाली

देवा. मग तुमचे फिले बरेच म्हणायचे.

---

पेट्रीडिश

एकच सुरी मासे-मांस दोन्हीला, हे फिल्याच्या पलीकडचं आहे. मधे कमीत कमी धुऊन निर्जंतुक करता ना? युरोपच्या मांस-प्रक्रिया नियमांत अवजारांसाठी ८२ अंशांचं पाणी किंवा तेवढीच खात्रीची दुसरी पद्धत सांगितलीय. काही लोकांना माशाची ॲलर्जी असते, त्यांच्या मांसाला माशाचा अंश लागला तरी पुरतो. पुष्कळ ठिकाणी मुठींना रंग असतात, लाल मांसाला, निळा माशाला. सुरी मागून घ्या, लाजू नका.

व्हॅक्यूम पॅकमधला गोठवलेला मासा वितळवता का? पॅक फ्रीजमध्ये ठेवण्याआधी फाडा. हवा नसलेल्या पॅकमध्ये बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचा एक प्रकार ३ अंशांच्या आसपासही वाढू शकतो, आणि फ्रीज नक्की किती अंशांवर आहे हे थर्मामीटर लावल्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.

---

रात्रपाळी

मी या काउंटरचा मागचा माणूस. तुम्ही सगळे गेल्यावर धुतो तो.

दोन गोष्टी विनवून सांगतो. सांडलेल्या मांसा-माशावर आधी उकळतं पाणी ओतू नका, प्रथिन शिजून फळीला चिकटतं आणि मग मी रात्री दोन वाजता खरवडत बसतो. आधी कोरडं उचला, मग कोमट पाणी, साबण, पुन्हा पाणी, मग जंतुनाशक, मग वाळू द्या. पुसू नका, फडक्याने पुन्हा घाण लागते.

दुसरं, जोराच्या पाइपने जमिनीतल्या जाळ्या धुऊ नका. जाळीत जे काय आहे ते तुषार होऊन पुन्हा टेबलावर बसतं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला गटारं फार आवडतात.

लाकडी ठोकळा असलेलं दुकान मला धुवायला देऊ नका एवढीच प्रार्थना.

---

जुना_सत्तूर

लाकडाला नावं ठेवू नका हो. मी ठोकळ्यावर शिकलो, धार टिकते.

---

पेट्रीडिश

यात दोघंही अर्धे बरोबर. डीन क्लायव्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात तपासलं होतं. नवी प्लॅस्टिकची फळी हाताने नीट साफ होते, पण सुरीने चरे पडलेली नीट होत नाही. लाकडात जंतू आत शोषले जातात आणि तिथे वाढत नाहीत. तेव्हा प्लॅस्टिक वापरा, पण चरे पडले की तासून घ्या किंवा टाकून द्या. लाकूड मोठ्या दुकानात यंत्राने धुता येत नाही, हा रात्रपाळींचा मुद्दा उरतोच.

---

जुना_सत्तूर

बरं. बँडसॉबद्दल लिहायचं राहिलं होतं.

डाव्या हातात स्टीलच्या कड्यांचा जाळीदार हातमोजा सुरीकामाला घाला, जखमा बहुतेक सुरी न धरलेल्या हाताला होतात. पण बँडसॉवर तो हातमोजा घालायचा नाही. पातं कड्यात अडकलं तर बोट कापून थांबत नाही, सगळा हात आत ओढतं. तुकडा लहान झाला की हाताने ढकलायचा नाही, ढकलणी असते तीच वापरायची. खिमा मशीनलाही तेच, घशात बोट नाही, दांडका. कितीही घाई असो. पात्याचा आवाजही ऐकत जा. नीट चाललं की एकसुरी सूं येतो. ठिसूळ खड्खड् आला की पातं सैल आहे किंवा दात गेलेत, बंद करा. तुमचे काका 'ऐक' म्हणताना यातलंही म्हणत असतील.

आणि एक जुनी गोष्ट, कारण शंकासुरांनी विषय काढलाच. एका ठिकाणी मला सांगितलं गेलं होतं, उद्या संपणाऱ्या तारखेच्या पॅकमधलं मांस काढून, मसाला लावून, नव्या तारखेने मांड. मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहून द्या. लिहून कोण देतो. पुढे माझ्या पाळ्या अशा लावल्या की मीच सोडलं. तेव्हा शंकासुर, तुमचा राग कुठून येतो ते मला कळतं. नवखा, असा प्रसंग तुमच्यावर येईल. लेबलाचं मशीन कोणाच्या नावाने सुरू होतं ते बघून ठेवा.

---

शंकासुर

हे लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. पहिला प्रतिसाद जरा जास्तच तिखट होता माझा.

---

लिंबूटिंबू

हाताचा वास कसा जातो? नवखा, तुम्हाला नाही, मला विचारायचंय. मी घरी मासे साफ करतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात लोक लिफ्टमध्ये मागे सरकतात.

---

कल्लेवाली

आधी गार पाण्याने धुवा, मग लिंबू किंवा व्हिनेगर. समुद्री माशात ट्रायमिथिलअमाइन तयार होतं, ते अल्कली, आम्लाने वास दबतो. बोटाला चीर असेल तर लिंबू लावण्याआधी बसून घ्या.

---

नवखा_हात

आठवडाभर आलो नाही कारण टाइप करता येत नव्हतं. डाव्या तर्जनीला तीन टाके.

सांगायलाही लाज वाटते. सुरी टेबलावरून घसरली आणि मी ती झेलायला गेलो. तेवढंच. हातमोजा नुकताच काढला होता, खिशात. वरिष्ठांनी बोट पाण्याखाली धरलं, दाबून बांधलं, स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. रस्त्यात एवढंच म्हणाले, "पडणारी सुरी पडू द्यावी. पाय मागे घ्यावे." ऐकून घेतलं.

मधल्या बोटांचं निदान मनगटताईंनी सांगितलं तेच निघालं, रात्री पट्टी लावून झोपतो. लवचीक सुरी मागितली, निळ्या मुठीची आली. सळई दर पंधरा मिनिटांनी, फोनवर गजर लावून. गजर वाजला की शेजारचा पॅकिंगवाला ओरडतो, "सळई!"

---

पेट्रीडिश

टाके असताना माशात हात घालू नका, सुट्टी मिळत नसेल तर काउंटरच्या कोरड्या बाजूला काम मागा. माशाच्या काट्याने किंवा पराने टोचल्यावर बोट दोन-चार दिवसांत जांभळट लाल, दुखरं, सुजलेलं झालं, तर डॉक्टरांना "मी मासे-मांस कापतो" हे आवर्जून सांगा. एरिसिपेलॉइड नावाचा आजार आहे, मांसवाले आणि मासेवाले यांच्यात ठरलेला, पेनिसिलिनने बरा होतो. सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या लवकर लक्षात येत नाही.

---

मनगट

पट्टीबरोबर दिवसातून दोन-तीनदा बोटं अलगद वाकवा-सरळ करा. टाक्यांचं बोट सोडून.

---

रात्रपाळी

'सळई!' आवडलं.

---

नवखा_हात

टाके निघाले. आज पुन्हा मासे.

सकाळी दुकान उघडण्याआधी, कंप्रेसर मधेच थोडा वेळ बंद पडतो ना, तेव्हा एक मासा घेतला. मूठ सैल धरली, मुद्दाम. पाठीच्या परालगत पहिली चीर, मग पातं आडवं. आणि आला. कल्लेवालीताई, अगदी तुम्ही म्हणालात तसा, कंगव्यावरून नख. मधे दोनदा थांबला, दोनदा पातं खाली घेतलं, पुन्हा आला. शेपटीपर्यंत. फिला उचलला तर काट्यामागे धरलेलं माझं बोट दिसत होतं.

वरिष्ठ मागे उभे होते, मला माहीत नव्हतं. काही बोलले नाहीत. काटा उचलून उजेडात धरला, उलटसुलट बघितला आणि माझ्यासमोर ठेवून गेले.

मग मासा उलटवला आणि दुसरी बाजू पार बिघडली. आवाजच नाही. अर्धा गर काट्यावर. त्याच माशाची, त्याच सुरीने. असं का होतं?

---

कल्लेवाली

सगळ्यांचं होतं. एक फिला निघून गेल्यावर खालून गादी उरत नाही. डोकं जाड, ते फळीवर टेकतं आणि अंग अधांतरी राहतं, सुरीखाली काटा खाली-वर होतो. मासा फळीच्या कडेला आणा आणि डोकं कडेबाहेर लोंबू द्या. अंग सपाट बसेल. उद्या करून बघा, आणि दुसरा मासा घेण्याआधी सळई.